उत्तराची बारी

शनिवारी संध्याकाळी सात वाजले की वालावलात मथुरेच्या घरी पाय ठेवायला जागा नसायची. खाटेवर, ओट्यावर, पायरीवर, टेकता येईल तिथे माणसं. समोर टीव्ही, टीव्हीत 'सुरांची शर्यत' नावाची गाण्याची स्पर्धा, आणि त्या स्पर्धेच्या शेवटच्या सहांत मथुरेची एकोणीस वर्षांची लेक समीक्षा. सगळी वाडी डोळे लावून बसलेली आणि खुद्द आई मागीलदारी, झाडलेलं अंगण पुन्हा झाडत. लेकीचं नाव पुकारलं की झाडू टाकून दारापर्यंत यायची, पहिली ओळ ऐकायची, सूर नीट लागला याची खात्री करून घ्यायची आणि पुन्हा विहिरीकडे.

"बस गो थोडी," शेजारची अनुजा म्हणायची.

"बसान काय करू? ता थंय गाता, माजे पाय हंय चलतत."

मथुरा बुवा आहे. बाई असली तरी बुवाच. भजनी मंडळात पेटीवर बसून जो गातो तो बुवा, त्यात बाई की पुरुष हे बघत बसायला इथे कुणाला सवड नाही. दिवसभर ती काजूच्या कारखान्यात गरांची साल काढते. नवरा सुदेश कुडाळ-वालावल रिक्षा चालवतो आणि तिच्या मंडळात पखवाज वाजवतो. घरातही तो पखवाजासारखाच, थाप पडल्याशिवाय बोलत नाही. आणि या दोघांचं खरं आयुष्य म्हणाल तर ते ना कारखान्यात ना रिक्षात, ते डबलबारीत.

डबलबारी म्हणजे एका मंडपात दोन भजनी मंडळं समोरासमोर. आधी एका बुवाची बारी, मग दुसऱ्याची. देवाचं नाव दोघंही मनापासून घेतात, पण माणसं जमतात ती टोले ऐकायला. पहिल्याची तान कुठे घसरली, शब्द कुठे चुकला, पोट किती सुटलं, सगळं दुसरा बुवा आपल्या बारीत पेटीवर घोळवून बाहेर काढतो. मग पहिला पुन्हा पेटी ओढतो आणि दुपटीने परत करतो. मसुऱ्याची तुळसाबुवा ही मथुरेची अठरा वर्षांची जोडीदारीण. जोडीदारीण म्हणायचं, वैरीण म्हणायचं, दोन्ही चालतं. एकदा तुळसा भर मंडपात म्हणाली होती की मथुरेचा आवाज एवढा मोठा, ती वालावलात गायली तर मसुऱ्यात कोंबडे आरवतात. मथुरेने आपल्या बारीत उत्तर दिलं, "आरवतत खरे, पन तुळसा गावक लागली काय परत निजतत." लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी होते. आणि बारी संपल्यावर दोघी एका ताटलीत उसळपाव खात बसलेल्या, एकीच्या पदराला दुसरी हात पुसतेय.

समीक्षा अशा मंडपांत वाढली. सहाव्या वर्षी आईच्या मागे झांज घेऊन बसली, दहाव्या वर्षी गजर म्हणू लागली. टोला कसा मारावा, कसा झेलावा, झेलताना हसावं कसं, हे तिला कुणी वेगळं शिकवलं नाही. तिचा तो मोकळा, उंच गळा ऐकूनच टीव्हीवाल्यांनी तिला उचललं होतं. कुडाळच्या नाक्यावर तिचा फलक लागला. फलकावर आवशीचाही, म्हणजे आईचाही, फोटो हवा म्हणून मंडळाने मथुरेचा लग्नातला फोटो टाकला, त्यात ती इतकी रडवेली दिसत होती की तुळसेने फोन करून विचारलं, "कोन गेला गो?"

तर एका मंगळवारी समीक्षेचा फोन आला. आवाज बारीक.

"आये, फुडची फेरी 'आमनेसामने' आसा. दोघांनी गावचा, एकट्यान वाचाचा. माज्या वाट्याक ओमकार इलोहा. पुण्याचो. बारा वर्सां शास्त्रीय शिकलेलो. माका भंय वाटता."

"पयलो कोन गातलो?"

"तो."

"मगे रडतंस कित्याक? दुसरी बारी तुजी!" मथुरेला हे एवढं सोपं वाटलं की ती हसलीच. "तो गायत तवसर कान उघडे ठेव. खंय घसारता ता बग. तुजी बारी इली काय पयलो टोलो दी, मगे गा. मानसा हसली काय अर्धी बारी जिकलंस."

"असा थंय चलात मा?"

"बारी ती बारी. थंय काय आनि हंय काय."

एवढंच. दोन मिनिटांचं बोलणं. पुढच्या दिवसांत मथुरेने ते बोलणं मनात किती वेळा फिरवलं याला मोजमाप नाही.

फेरीचं चित्रीकरण गुरुवारी झालं, दाखवणार होते पुढच्या आठवड्याच्या शनिवारी. समीक्षेचा फोन रात्री न येता दुसऱ्या दिवशी आला. "झाला," ती म्हणाली. "कसा झाला?" तर, "सांगूक देनत नाय." मथुरेने विचारलं, "जेवलंस मा?" "जेवलंय." आणि फोन बंद. आई आहे ती. 'जेवलंय' या एका शब्दात पोर जेवलेली नाही हे तिला कळलं.

मग आठ दिवस तिने स्वतःला आणि दुसऱ्यांना काही सुखाने जगू दिलं नाही. सकाळी चुलीवर भात ठेवून कवाड उघडायला जायची, कवाडाकडून गोठ्याकडे, गोठ्यात कशाला आलो ते विसरून परत घरात, तोवर भात लागलेला. कारखान्यात अख्खा गर काढणं हा तिचा अभिमान, दिवसाकाठी दोन-चार तुकडे झाले तरी ती स्वतःवर चिडायची. त्या आठवड्यात तिच्या टोपलीत तुकडेच तुकडे. मुकादम किशोरी दोन दिवस गप्प राहिली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मथुरावैनी, काजी सोलतास की फोडतास?" मथुरा उठून बाहेर गेली, माडाखाली उभी राहून समीक्षेला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. दुपारपर्यंत चौदा वेळा लावला. सुदेशने संध्याकाळी तिचा मोबाईल घेतला आणि रिक्षाच्या डिकीत टाकून कुलूप लावलं.

शनिवार आला. माणसं आली. मथुरा त्या दिवशी अंगणात गेली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

ओमकार गायला, आणि खरं सांगायचं तर सुंदर गायला. गोरा, किडकिडीत, चष्मा लावलेला मुलगा. शेवटी त्याने एक लांबलचक तान घेतली आणि समेवर येता येता केसभर चुकला. कुणाला कळलंही नसतं. मथुरेला कळलं, सुदेशला कळलं, आणि पडद्यावर कोपऱ्यात उभ्या समीक्षेचा उजवा डोळा जरासा बारीक झाला ते पाहून मथुरेला कळलं की तिलाही कळलं.

समीक्षा पुढे आली. माईक हातात घेतला. हसली, अगदी बारीतलं हसू.

"ओमकारदादाची तान ऐकलीत ना? काय लांब गेली! एवढी लांब, की परत समेवर यायला बिचाऱ्याला रिक्षा करावी लागली. आणि माझे बाबा रिक्षावाले आहेत, म्हणून सांगते, मीटर फार झाला!"

वालावलात मथुरेच्या पडवीत हशा फुटला. अनुजेने टाळी दिली, कुणी शिट्टी मारली, सुदेशने चक्क मांडीवर थाप मारली. आणि मग हळूहळू सगळे थांबले, कारण टीव्हीतलं कुणी हसत नव्हतं. तिथे तीनदा वीज कडाडल्याचा आवाज केला. ओमकारचा चेहरा दाखवला, प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या आईचा पदर डोळ्यांना लागलेला दाखवला, तो पुन्हा दाखवला. परीक्षकांनी चष्मा काढला आणि संस्कारांवर बोलायला सुरुवात केली. समीक्षेचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलेलं, तिला ते कुठे ठेवावं कळेना. त्यानंतर ती गायली, चांगली गायली, पण कुणी ऐकत नव्हतं.

मथुरेचं लक्ष त्या पोराकडे होतं. ओमकारने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तिने पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात उत्तर तयार होतं त्याच्या. पण निवेदक मध्ये आला आणि जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्या तेव्हा पडद्यावर ओमकार नव्हताच.

तिथे पहिल्याला पुन्हा बारीच नव्हती! बारीत टोला मारतात तो परत यायचा असतो म्हणून. परत न येणारा टोला म्हणजे नुसतं मारणं. आपण विचारायला हवं होतं, एवढा एक प्रश्न, की पोरी, तुझ्यानंतर त्याला परत गायला मिळणार का? अठरा वर्षांत तो प्रश्न कधी पडला नव्हता म्हणून त्या दिवशीही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी मोबाईलवर जे लिहिलं ते अनुजेने वाचून दाखवायला घेतलं आणि चौथ्या ओळीला मोबाईल पालथा घातला. उद्धट. गावंढळ. हिला घरी पाठवा. आईबापांनी हेच शिकवलं का? मथुरा म्हणाली, "व्हय, शिकवलंय मा," आणि उठून चुलीत लाकडं सारत राहिली, चुलीवर काही नव्हतं.

सोमवारी सुदेशने मोबाईल परत दिला आणि त्यावर वाहिनीच्या एका बाईंचा फोन आला. मथुरा बँकेत बोलते तसं मराठी बोलू लागली.

"समीक्षाच्या आई ना? प्रेक्षक खूप नाराज आहेत हो. आम्ही एक छोटंसं निवेदन लिहिलंय. शुक्रवारी निकालाचा भाग थेट आहे, तेव्हा तिने ते वाचलं की विषय संपेल, मतंही वाढतील. पण ती ऐकत नाहीये. तुम्ही समजवाल का?"

"ताई, माझं एक ऐकाल? त्या ओमकारला पाच मिनिटं द्या. त्याला तिला काय बोलायचंय ते बोलू द्या, सगळ्यांसमोर. ती हसेल बघा. आमच्याकडे असंच असतं. समोरच्याला बारी दिली की मिटतं."

"काकू, ते फॉरमॅटमध्ये बसत नाही."

मग बाईंनी समीक्षेला फोन दिला. "आये, ह्यांनी काय लिवलानी ता आयक," ती म्हणाली आणि वाचू लागली. "'लहानपणापासून माझ्यावर चुकीचे संस्कार झाले. मी ज्या वातावरणात वाढले तिथे दुसऱ्याच्या अपमानालाच कला समजतात. मी मनापासून माफी मागते.' आयकलंस?"

"आयकलंय."

"ह्या खरा आसा? तू माका चुकीचा शिकवलंस?"

नाही, हे मथुरेच्या जिभेवर होतं. शिकवलेलं चुकीचं नव्हतं, पाठवलं ते ठिकाण मला कळलं नाही, चूक माझी, विद्येची नव्हे. पण हे बोललं की पोर वाचणार नाही, आणि वाचली नाही की बाहेर पडणार. माझ्या एका सल्ल्यापायी बाहेर पडणार. आयुष्यभर तिला वाटणार की आईने घात केला. मथुरेला दुसरं काही दिसेना.

"वाच," ती म्हणाली.

"आये!"

"वाच म्हटलंय मा. तुका थंय ऱ्हवाचा आसा. नाव जायत ता माजा जायत."

मग "बरा" एवढं म्हणून समीक्षेने फोन ठेवला.

शुक्रवारी तिने वाचलं. मान खाली, कागदावर नजर, एकही शब्द न अडखळता, स्वच्छ शहरी मराठीत. 'चुकीचे संस्कार' म्हणताना आवाज हलला नाही. भरलेल्या पडवीत मथुरा पहिल्यांदाच खाटेच्या कडेवर बसली होती, आणि सगळे टीव्हीकडे बघत होते ते तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून. अर्ध्या तासाने निकाल लागला. मतं आली नाहीत ती नाहीतच. समीक्षा बाहेर. माणसं चपला शोधून निघून गेली. कुणी 'येतंय हां' असंही म्हणालं नाही.

रविवारी सकाळी सुदेश कुडाळ स्टेशनवरून लेकीला घेऊन आला. समीक्षेने आईला वाकून नमस्कार केला, न्हाली, चार घास खाल्ले आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. आईशी शब्द नाही. बापाशी मात्र बोलताना मथुरेने दाराआडून ऐकलं. "बाबा, ओमकार माका पोचवक इल्लो. तीन उत्तरां लिवन हाडलेल्यान. त्यातला एकच बरा होता." आणि ती हसली. मथुरेला बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं, की त्या परक्या पोराशी हिचं मिटलं, माझ्याशी नाही.

त्याच दिवशी दुपारी तीन वाजता देवळाच्या सभामंडपात तुळसाबुवाबरोबर बारी ठरलेली होती, महिन्याआधी ठरलेली. मथुरा तीनदा म्हणाली, जाणार नाही. सुदेश पखवाजाला कणीक लावत होता. "लोकांका सांगान झाला," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे लांबलचक भाषण होतं. ती गेली.

मंडप गच्च भरलेला. पहिली बारी मथुरेची. ती गायली, म्हणजे तोंडातून शब्द बाहेर पडले एवढंच. एका अभंगात कडवं विसरली, गजरात श्वास तुटला. एवढी पडकी बारी तिने कधी केली नव्हती. मध्येच तिला दिसलं की मागच्या खांबाशी समीक्षा येऊन बसली आहे, तेव्हा उरलासुरला सूरही गेला.

मग तुळसेची बारी. मंडपातली माणसं सरसावून बसली. विसरलेलं कडवं, तुटलेला श्वास, टीव्ही, माफी. टोल्यांना काय तोटा! तुळसेने पेटी उघडली, देवाला हात जोडले, देवाचं रूप वर्णायची रूपावली म्हटली, अभंग म्हटला, गौळण म्हटली. एक टोला नाही. वर गोड आवाजात म्हणाली, "मथुराबुवांनी आज खूप छान सेवा केली."

मथुरेचे कान तापले. तुळसा माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलते? दुखवट्याला आलेल्या बायका बोलतात तशी? शहरातल्या लोकांनी शिव्या दिल्या ते तिने सोसलं होतं, लेकीने कागद वाचला तेही सोसलं होतं. पण तुळसेने कीव करावी हे तिला सोसेना. ती उभी राहिली. बारी चालू असताना समोरच्या बुवाने उभं राहायचं नसतं, तरी राहिली.

"तुळसा! माका सोडतंस कित्याक? मेलंय मी?"

तुळसेने भाता थांबवला. "ऱ्हव दी गो मथुरा. तुका लागात."

"लागाक व्हया म्हनान तर हंय बसलंय! दी माका. भर मंडपात दी."

तुळसेने मान खाली घातली. तिच्याच्याने होईना. मंडपात चुळबुळ झाली, कुणीतरी खोकलं. सुदेशचे हात पखवाजावर नुसते टेकलेले. आणि मागच्या खांबाकडून समीक्षा उठली.

माणसांतून वाट काढत ती पुढे आली, आईकडे न बघता सरळ तुळसेच्या सतरंजीवर गेली. तुळसेच्या पाया पडली. "मावशे, पेटी दी," म्हणाली. तुळसा बाजूला सरकली. समीक्षेने भाता उघडला, पट्टी चढवली, आईची चढी पट्टी, आणि आईच्या डोळ्यांत डोळे घालून मोकळ्या गळ्याने उचललं,

"आवशीन माका शिकवल्यान तोंड उघडूक,
मिटूक शिकवचा त्या वक्ताक गेली पेटी बडवूक!"

मंडपात जो हशा उसळला त्यात झांजा आपोआप वाजल्या. सुदेशने, आपण कुणाच्या मंडळात आहोत हे विसरून, समोरच्या बारीला ठेका धरला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मथुराही हसली, अंगभर हसली. समीक्षा हसली नाही. तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि दुसरी ओळ आधी हळू घेतली,

"कागद इलो मुंबैसून, आवस म्हनता, वाच गो..."

हशा विरला. ती ओळ तिने तीनदा घोळवली. मग गळा पूर्ण उघडून टोला आला.

"अठरा वर्सां लडली बुवा, एका फोनाक भियाली गो!"

लागलं. जिथे लागायला हवं होतं अगदी तिथेच लागलं. मथुरेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलं नाही, पुसायचं सुचलंच नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी छाती भरून आली, की टोला कसला मारला पोरीने! वजन कसं ठेवलं, थांबली कुठे! मंडप ओरडत होता, तुळसा कपाळाला हात लावून एकाच वेळी हसत आणि रडत होती.

समीक्षेने भाता मिटला. पेटीवरचे हात उचलून मांडीवर घेतले आणि समोरच्या बुवाला द्यायचा असतो तो मान देऊन ती आईकडे बघत थांबली. आता उत्तर मथुरेने द्यायचं होतं.

तिने आपली पेटी ओढून घेतली. लेकीने लावली होती तीच चढी पट्टी धरून भाता उघडला. समोर लेक घाई न करता वाट पाहत होती.